रंग जाणार नाही ना? नाशिकमधला लोकररंगाईचा आठवडा

बुधवार

दिवाळीचे कंदील उतरले की आम्हा लोकर रंगवणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. तिकडे न्यूयॉर्क राज्यातल्या राईनबेक गावात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी मेंढ्या आणि लोकरीची मोठी जत्रा भरते. हाताने रंगवलेल्या लडी घ्यायला लोक तिथे पहाटेपासून रांगा लावतात. आपल्याकडे लोकरीची वेगळी जत्रा नसते. हातमागाच्या आणि हस्तकलेच्या प्रदर्शनांत, साड्या, मसाले आणि दागिन्यांच्या मध्ये कुठेतरी आमचं एक टेबल असतं. तरी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात जे विकतं त्यावरच वर्ष निघतं, त्यामुळे या महिन्यांत घरात कमी आणि एसटीत जास्त असते. या खेपेला नाशिक. शनिवार-रविवार गंगापूर रोडला प्रदर्शन आणि त्याआधीचे दिवस माझे स्वतःचे, ज्यांची मी वर्षभर वाट पाहत होते.

पुण्याहून शिवाजीनगरची सकाळची गाडी धरली. दोन मोठ्या पिशव्यांत रंगवून तयार झालेल्या लडी, एका पिशवीत तुरटी लावलेली कोरी लोकर. संगमनेर सोडून सिन्नरकडे निघालं की रस्त्याच्या कडेला धनगरांचे कळप दिसायला लागतात. दख्खनी मेंढी काळी, काटक, आणि तिची लोकर भरड. घोंगडीला याच लोकरीचं सूत लागतं, आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन ती विणतात. अंगालगत घालायच्या स्वेटरला मात्र ही लोकर टोचते, म्हणून मी मऊ मेरिनोच रंगवते. पण पिशव्या आणि बसकरांसाठी दख्खनी लोकरीसारखी लोकर नाही, आणि तिचा मूळचा काळा तर कुठल्याच पातेल्यात तयार करता येत नाही.

आत्या पंचवटीत राहते. दुपारी पोचल्या पोचल्या तिने चहा ठेवला आणि विचारलं, "या वेळी माझ्या गच्चीत काय शिजणार आहे?" तिला मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, सांगितल्यावर ती लगेच चपला घालून तयार. बुधवार असल्याने गंगेवर आठवड्याचा बाजार भरला होता. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बुधवारी संध्याकाळी गंगेवर पाय ठेवायला जागा नसते. आम्ही कडेकडेने भांडी बाजारात गेलो आणि स्टीलची दोन सारखी पातेली घेतली. तांब्या-पितळेची भांडी इथे फार देखणी मिळतात, हात लावल्याशिवाय पुढे जाववत नाही. पण धातू रंगात उतरतो. तांब्याने पिवळा हिरवटतो आणि लोखंडाने काळवंडतो. स्टील कशात ढवळाढवळ करत नाही. आणि रंगाचं पातेलं पुन्हा कधी स्वयंपाकाला वापरायचं नाही, हे आत्यालाही आता पाठ आहे. दुकानदाराने "भाजीला का?" म्हणून विचारलं तर तिनेच उत्तर दिलं, "नाही हो, रंगाला. घरात नाही न्यायची."

काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा घेतली. काडी मोडून पाहायची. आतून तांबूस निघाली तर घ्यायची, आतून फिकट लाकडी निघाली तर ठेवून द्यायची.

गुरुवार

पहाटे नाशिकला चांगलीच थंडी होती. निफाडच्या बाजूने जाणाऱ्या गाडीत खिडक्या लावूनही कुडकुडत होते. द्राक्षांच्या बागा दोन्ही बाजूंना. ऑक्टोबर छाटणीनंतरची पालवी आता दाट झालेली. विंचूरला उतरले आणि काळीपिवळीने लासलगाव गाठलं.

मी लासलगावला कांदा घ्यायला जात नाही. मला हवी असतात टरफलं. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा चाळीत राहतो आणि दिवाळीच्या आसपास शेवटचा माल निवडला जातो. त्या वेळी चाळीत टरफलांचा घोट्याएवढा थर साचतो. ओळखीच्या एका शेतकरी दादांनी दोन गोणी भरून ठेवल्या होत्या. पैसे घेईनात. "ताई, वाऱ्याने उडून जाणारी वस्तू आहे ती, तिचे काय पैसे?" शेवटी त्यांच्या वहिनींसाठी आणलेली एक लडी दिली तेव्हा गोण्या माझ्या झाल्या. ती लडी गेल्या हंगामात त्यांच्याच टरफलांत रंगवलेली होती, तांबूस सोनेरी. वहिनी ती उन्हात धरून बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिल्या आणि मग तोच प्रश्न विचारला, जो मला प्रत्येक टेबलावर विचारला जातो. "रंग जाणार नाही ना?"

या प्रश्नाला "नाही जाणार हो" असं एका दमात उत्तर देणारे विक्रेते मी पुष्कळ पाहिले आहेत. मला ते जमत नाही आणि पटतही नाही. मी त्यांना खरं ते सांगितलं. धुण्यात जाणार नाही, कारण तुरटीने तो लोकरीला बांधून घेतला आहे. पण रोज कडक उन्हात वाळत घातला तर काही वर्षांनी फिका पडेल. सावलीत वाळवा. रंगवताना चिमूटभर हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला तर टिकाऊपणा वाढतो, पण सोनेरी जाऊन शेवाळी हिरवा येतो. वहिनी म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी शेवाळी आणा." असं उत्तर ऐकलं की मला फार बरं वाटतं. माणसाला नीट माहिती दिली की तो घाबरून मागे हटत नाही, उलट स्वतः निवड करतो.

गोण्या विंचूरच्या एका टपरीवर ठेवून येवल्याला गेले. येवला म्हणजे तात्या टोपेंचं जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेही याच गावात. आणि गल्लीगल्लीत पैठणीचे माग. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानांच्या पाट्या मोठ्या झाल्या, पण माझं काम दुकानांत नव्हतंच. मला रंगारी काकांकडे जायचं होतं. रेशीम आणि लोकर दोन्ही प्राण्यांपासून येणारे धागे, दोन्ही प्रथिनांचे बनलेले, म्हणून दोघांना एकाच जातीचे आम्लधर्मी रंग चालतात. कापसाच्या सुताला ते चालत नाहीत. त्यामुळे येवल्यात रेशीम रंगवणाऱ्या माणसाकडून लोकर रंगवणारीला शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

काकांची रंगशाळा म्हणजे घरामागचं पत्र्याचं छप्पर, दोन चुली, मोठी पातेली आणि भिंतीवर वर्षानुवर्षांचे रंगाचे शिंतोडे. कर्नाटकातून आलेलं कच्चं रेशीम आधी साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातला डिंक काढतात. किलोमागे जवळजवळ पाव किलो वजन तिथेच जातं. आत जाताना राठ आणि निस्तेज असलेली लड बाहेर येते ती मऊ आणि चकचकीत. त्या दिवशी त्यांना राघू हिरवा करायचा होता. विणकराने नमुन्याला बोटभर धागा पाठवलेला.

मी दीड तास फक्त त्यांचे हात पाहिले. लडी दांड्यांवर ओवलेल्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या बाहेर. काका एकेक लड हाताने फिरवत पुढे सरकवत, शेवटची झाली की पुन्हा पहिलीपासून. हात थांबत नव्हता, कारण थांबला की एका जागी रंग जास्त धरतो. पिवळा आणखी हवा असं वाटलं तेव्हा त्यांनी आधी सगळ्या दांड्या उचलून बाजूला ठेवल्या, मग रंग टाकला, ढवळला, आणि मगच लडी पुन्हा आत सोडल्या. लड आत असताना रंग ओतला तर जिथे पडेल तिथे डाग कायमचा. नमुन्याशी ताडून पाहायची वेळ आली तेव्हा लडीचा एक कोपरा पिळून, फुंकर मारून, तळव्यावर घासून कोरडा केला आणि दारात जाऊन दिवसाच्या उजेडात धरला. ओला रंग नेहमी गडद दिसतो. ओल्यावर विश्वास ठेवून पातेलं उतरवलं की वाळल्यावर लड फिकी निघते.

मग त्यांनी मला पातेल्यात डोकवायला सांगितलं. सुरुवातीला गर्द हिरवं असलेलं पाणी आता जवळजवळ नितळ झालं होतं. "पाण्यात रंग उरला नाही, म्हणजे तो गेला कुठे? रेशमात. आता हा नाही सुटायचा," काका म्हणाले. "पाणी रंगीत असताना घाईने काढलेला माल पहिल्या धुण्याला रडवतो, ताई."

त्यांना मी माझ्या उन्हाच्या पट्ट्या दाखवल्या. पुठ्ठ्याच्या पट्टीवर प्रत्येक रंगाचा धागा गुंडाळायचा, अर्धा भाग जाड कागदाने झाकायचा आणि दक्षिणेच्या खिडकीत सबंध उन्हाळा ठेवायचा. मग कागद काढला की किती उडाला ते डोळ्यांसमोर येतं. प्रयोगशाळांत याच कामाला निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांचं माप असतं, १ म्हणजे लगेच उडणारा, ८ म्हणजे सर्वांत पक्का. माझ्या खिडकीतल्या चाचणीला तसा आकडा मिळत नाही, पण कोण कोणाच्या पुढे आहे ते कळतं. काकांनी प्रत्येक पट्टी निरखली. हळदीच्या पट्टीवर कागदाखाली लखलखीत पिवळा आणि बाहेर जवळजवळ कोरी लोकर. ते पाहून त्यांनी मान हलवली आणि आतून राघू हिरव्याचा हातभर धागा आणून दिला. "हापण लावा खिडकीत. मलाही बघायचंय."

शुक्रवार

मंजिष्ठेची भरड रात्रीच भिजत घातली होती. एका पातेल्यात नळाचं पाणी, म्हणजे गंगापूर धरणाचं. दुसऱ्यात सोसायटीच्या बोअरचं, जड. अर्धा किलो लोकर याच्यात, अर्धा किलो त्याच्यात. दोन्ही लोकरी पुण्यात एकाच वेळी तुरटी लावलेल्या, अर्ध्या किलोला साठ ग्रॅम. मंजिष्ठा लोकरीच्या वजनाइतकीच. फरक फक्त पाण्याचा.

लडी पातेल्यात सोडण्याआधी पुरत्या भिजलेल्या हव्यात, नाहीतर आतले धागे पांढरे राहतात. बंधही तपासले. प्रत्येक लडीला चार ठिकाणी, आठाच्या आकड्यासारखे, सैल. बंध घट्ट असला तर त्याच्याखाली रंग पोचत नाही आणि बंधच नसला तर गुंता होतो. मग आच अगदी मंद. मंजिष्ठेला घाई चालत नाही. साधारण सत्तर अंशांच्या वर गेली की मुळातला तपकिरी सुटायला लागतो आणि लाल मळतो. लोकरीला तर उकळी आणि ढवळणं दोन्ही वर्ज्य, कारण उष्ण पाण्यात घुसळली की तिच्या धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकून नमदा, म्हणजे न सुटणारा घट्ट थर, होतो. रेशमाच्या लडी काका सतत फिरवत होते, मी माझ्या लडी लाकडी पळीने हळूच दाबून खालीवर करते, एवढाच फरक.

दोन तास गच्चीतच बसले. आत्या खाली हुलग्याची शेंगोळी करत होती, त्याचा लसणाचा वास आणि मंजिष्ठेचा मातकट गोडसर वास एकत्र येत होते. पाऊण तासातच दोन पातेली वेगळी दिसायला लागली. नळाच्या पाण्यातली लोकर केशरीकडे झुकली, विटकरी-नारिंगी. बोअरच्या पाण्यातली लाल, आणि तासाभराने तर कुंकवाच्या जवळ जाणारी. जड पाण्यातल्या चुन्याने मंजिष्ठेचा लाल खुलतो, हे वाचलेलं होतं, वापरलंही होतं, पण एकाच दिवशी, एकाच मुळीतून, दोन पातेल्यांत शेजारी शेजारी पाहण्याची मजा वेगळी. आत्याने वर येऊन पाहिलं आणि बोअरच्या पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही माझी. विकायची नाही." त्यातली एक लडी तिथेच बाजूला काढली.

हाताने रंगवलेल्या मालावर एकाच घाणीच्या, म्हणजे एकाच पातेल्यातून एकदम निघालेल्या लडींचा क्रमांक लिहायचा तो यासाठी. महिन्याभराने पुण्यात हेच माप, हीच मुळी घेतली तरी हा लाल येणार नाही. पाणी वेगळं असेल.

लडी पातेल्यातच थंड होऊ दिल्या. गरम लोकर एकदम गार पाण्यात घातली तर तीही आटते. मग पाणी बदलत बदलत धुतल्या, आणि शेवटी ओल्या पांढऱ्या कपड्यात धरून जोरात घासल्या. कपडा पांढरा राहिला. गच्चीच्या सावलीच्या बाजूला दोरीवर घातल्या. नाशिकच्या कोरड्या हवेत संध्याकाळपर्यंत वरून वाळल्या होत्या, पण लोकर आत बरीच ओल धरून ठेवते आणि हाताला कळू देत नाही, म्हणून रात्रभर तशाच ठेवल्या.

उरलेला चोथा वाळवून आत्याच्या खतात गेला, पाणी कुंड्यांच्या कडेच्या मातीत थोडं थोडं मुरवलं. रंग बांधायला तुरटी आणि चिमूटभर हिराकस यापलीकडचं मी काही वापरत नाही. क्रोमच्या क्षाराने रंग झळाळतात हे खरं, पण ते विषारी आहे, आणि पंचवटीत बसून गंगेला जाणाऱ्या गटारात ते सोडायचं ही कल्पनाही मला सहन होत नाही. पुण्यातही करत नाही.

शनिवार

सकाळी झणझणीत मिसळ खाऊन नऊला टेबल लावलं. जागा आतल्या बाजूची मिळाली होती, आणि वर पिवळे दिवे. पिवळ्या दिव्याखाली निळा मेलेला दिसतो, मंजिष्ठा भडक दिसते आणि कांद्याचा सोनेरी तर पांढऱ्यासारखा. आयोजकांना सांगून पाहिलं, दिवे बदलणं शक्य नव्हतं. मग ज्याला लडी आवडेल त्याला ती घेऊन दारापर्यंत पाठवायचं ठरवलं. "पैसे नंतर द्या, आधी उजेडात बघून या." आत्या म्हणाली, कुणीतरी घेऊन पळेल. कुणी पळालं नाही. उलट दारातून परत येणारे बहुतेक जण घेऊनच गेले.

दिवसभर तोच प्रश्न. रंग जाईल का, कच्चा आहे का, अंगाला लागेल का. प्रत्येक वेळी मी उन्हाच्या पट्ट्या पुढे सरकवल्या. मंजिष्ठेची पट्टी पाहा, फरक शोधावा लागतो. झेंडू थोडा उतरलाय. डाळिंबाची साल चांगली राहिली आहे. हळदीची फक्त दाखवण्यापुरती, विकायला नाही. एका ताईंना तोच हळदीचा पिवळा हवा होता. तो उन्हाने उडतो आणि साबण लागला की लाल होतो, हे सांगूनही त्या म्हणाल्या, "पण किती सुंदर आहे!" आहेच सुंदर. म्हणूनच तो माणसाला विकून नंतर त्याचा हिरमोड करायचा नाही. त्यांना झेंडूची लडी दिली.

कॉलेजच्या एका मुलीला झगमगीत गुलाबी हवा होता. तो माझ्याकडे आहे, आम्लधर्मी रासायनिक रंगातला, आणि चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं. ती जरा हिरमुसली, "म्हणजे नॅचरल नाही?" तिला मी त्याच गुलाबीची उन्हाची पट्टी दाखवली, माझ्या कित्येक वनस्पती रंगांपेक्षा पक्की. नैसर्गिक म्हणजे पक्का आणि रासायनिक म्हणजे वाईट, असं सरसकट बोलणं खोटं आहे, आणि हल्ली प्रदर्शनांत ते फार बोललं जातं. रंग कशातून आला हे सांगावं, तो किती टिकेल हेही सांगावं, आणि धुतल्यावरचं पाणी कुठे जातं तेसुद्धा. नुसत्या "नॅचरल" शब्दाने यातलं काहीच कळत नाही.

दुपारी एक आजी आल्या, सत्तरीच्या पुढच्या. लडी हातात घेतली तेव्हाच कळलं की आयुष्यभर विणत आल्या आहेत, दोन बोटांत धागा उलटा पिळून त्यांनी त्याचे पदर मोजले. आजोबांच्या स्वेटरला सहा लडी हव्या होत्या, बोअरच्या पाण्यातला लाल. त्या घाणीच्या विकायला चारच उरलेल्या. दोन लडी नळाच्या पाण्यातल्या, केशरी. मी म्हटलं, पाठ-पोट एका रंगात आणि बाह्या दुसऱ्यात करा. त्या म्हणाल्या, "छे, दोन ओळी हिच्या, दोन ओळी तिच्या, अशा विणत गेले की डोळ्याला फरकच कळणार नाही. आमच्या वेळी दुकानातली लोकरसुद्धा अशीच वेगवेगळी यायची." हीच युक्ती मी नवख्या विणणाऱ्यांना सांगत असते. त्यांच्या तोंडून ऐकताना आपल्या धंद्याला मागेही माणसं आहेत असं वाटलं. आत्याने त्यांच्या लडी स्वतःच्या गुडघ्यांवर चढवून सहाही गुंडे करून दिले. लडीतून थेट विणायला घेतलं की गुंता ठरलेला.

रविवार

गर्दी कालच्या दुप्पट. दुपारनंतर मंजिष्ठा संपली, डाळिंब संपलं, संध्याकाळी टेबलावर निळ्याच्या थोड्या लडी आणि रासायनिक राखाडी उरला. मेनरोडवर मिळणाऱ्या गिरणीच्या गुंड्यापेक्षा माझी लडी तिप्पट महाग आहे, यावर काही जण घासाघीस करून गेले. त्यांना दोष नाही. मी भाव कमी केला नाही. शंभर ग्रॅमच्या लडीत चारशे मीटरच्या आसपास धागा असतो, आणि त्यातला प्रत्येक हात पातेल्यात कुणीतरी खालीवर केलेला असतो. तो वेळ किमतीत नसेल तर पुढच्या हंगामात मी नसेन.

काल आलेल्या आजी पुन्हा आल्या. विणकाम सुरू झालं होतं, चार बोटं पट्टी. दारात नेऊन दाखवली. दोन्ही लाल एकमेकांत पार मिसळून गेले होते.

सोमवार

लासलगावच्या गोण्या गुरुवारीच विंचूरहून आत्याकडे आणल्या होत्या. त्या गाडीच्या डिकीत चढवल्या. वाहकाने वास घेऊन "काय आहे हे?" विचारलं आणि सांगितल्यावर स्वतःच नीट कडेला लावून दिल्या.

सिन्नर येईपर्यंत काकांचा फोन आला. "ताई, पट्टी खिडकीत लावली का?" घरी गेल्यावर लावते म्हटलं. त्यांनी सांगितलं की परवा एका गिऱ्हाइकाने राघू हिरव्याबद्दल तेच विचारलं, रंग जाणार नाही ना, आणि त्यांनी तिला गुढीपाडव्यानंतर या, तेव्हा दाखवतो असं कबूल केलं आहे. शिवाय किरमिजी आणि काळ्याचे धागे ते कुरिअरने पाठवताहेत. अर्धे झाकायचे, अर्धे उघडे, आणि कुठला धागा कोणत्या घाणीतला त्याची चिठ्ठी सोबत आहे.